म्हातारा पाऊस

पुष्य नक्षत्र लागले की माझी झोप कमी होते. वयामुळेही असेल, पण पावसाचा वाटा मोठा आहे.

आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तरणा येतो, विसाच्या आसपास म्हातारा. लहानपणी वाटायचे की म्हातारा म्हणजे दमलेला, काठी टेकत येणारा. तसे नाही. म्हातारा येतो तेव्हा जमीन आधीच पिऊन तृप्त झालेली असते. तरण्याने भरलेल्या घागरीत म्हातारा ओततो. मग ती घागर कुठून तरी सांडणारच.

आता काही तारखा सांगतो. महाड तालुक्यातील जुई, दासगाव इथे दरडी कोसळल्या त्या 2005 च्या जुलैच्या 25-26 ला. आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले 30 जुलै 2014 ला. तळिये गेले 22 जुलै 2021 ला. सगळ्या म्हाताऱ्याच्या. इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री, म्हणजे तरण्याच्या शेवटच्या रात्री. पंचांगात कुठे दरडीचे भविष्य नसते, पण ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी डोंगराकडे नीट पाहिले असणार असे मला वाटते.

मी डिंगोऱ्यात राहतो. कल्याण-नगर रस्त्यावरचे गाव. इथून पूर्वेला गेले की पाऊस भराभर कमी होत जातो आणि पश्चिमेला माळशेजकडे गेले की भराभर वाढत जातो. आमच्याकडे रिपरिप असते तेव्हा घाटात ओतत असते. नोकरीतली बरीच वर्षे मी भूगोल शिकवला, त्यामुळे 'सह्याद्रीच्या वाऱ्याकडील बाजूस पर्जन्यमान अधिक असते' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले याची गणती नाही. ते पाणी पडल्यावर डोंगराच्या पोटात काय करते, हे मात्र मला फार उशिरा कळले. आणि कळले ते बर्फामुळे! तुम्ही म्हणाल, जुन्नर तालुक्यात बर्फ कुठून आला? सांगतो.

माझा एक विद्यार्थी सैन्यात होता. वर्गात भूगोलात जेमतेम पास होणारा. काही वर्षे त्याने काश्मीरकडच्या बर्फात काढली. सुट्टीवर आला की आमच्या ओट्यावर येऊन बसे. एकदा मी त्याला विचारले, "अरे, एवढ्या बर्फात पुढचा उतार ओलांडायचा की नाही हे कसं ठरवता?"

तो म्हणाला, "सर, खड्डा खणतो."

"खड्डा?"

"कमरेएवढा. खड्ड्याची भिंत सरळ कापायची आणि वरून खाली बोटं फिरवायची. प्रत्येक बर्फवृष्टीचा थर वेगळा लागतो. एखादा घट्ट, एखादा मऊ. मध्येच एखादा थर साखरेसारखा सुटा लागला की समजायचं, हा दगा देणार. त्याच्यावर नवीन बर्फाचं ओझं पडलं की वरचा सगळा पापुद्रा एकदम सुटतो."

मग त्याने सांगितले की बर्फाचा एक उभा खांब कापून त्यावर फावडे ठेवतात आणि त्यावर हाताने थापट्या मारतात. आधी दहा नुसत्या मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून. कितव्या थापटीला खांब सरकतो ते मोजतात. मनगटातच सरकला तर मागे फिरायचे.

मी वहीत लिहून घेतले. सवय आहे.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात घर करून राहिली. हिमकडा बहुधा फार उभ्या कड्यावरून येत नाही. फार उभ्यावर बर्फ साठतच नाही, पडला की घसरून जातो. सपाटीवर पडला तर बसून राहतो. धोका मधल्या उतारांवर, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या. म्हणजे जिथे माणसाला वाटते की इथून चालत जाता येईल, नेमका तिथेच.

तो गेल्यावर मी जुनी कंपासपेटी काढली. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधला, दोऱ्याला खडा. कोनमापक उलटा धरायचा, सरळ कडेवर डोळा लावून उताराच्या माथ्याकडे पाहायचे. दोरा ज्या आकड्यावर थांबेल तो नव्वदातून वजा केला की उताराचा कोन मिळतो. दोन रुपयांचे यंत्र. कुणीही करून पाहावे. आधी डोळ्यांनी अंदाज करा आणि मग मोजा. बहुतेक जण पस्तीस अंशांच्या उताराला साठ म्हणतात.

आता आपला डोंगर. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकावर एक थर, म्हणून तर आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. विहीर खणणाऱ्यांना तो ठाऊक असतो, घाटात रस्ता कापलेला असतो तिथे तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपलेले पाणी अशा पट्ट्यावर अडते आणि आडवे चालू लागते. जिथे डोंगराच्या अंगातून बाहेर पडते तिथे झरा. आणि जिथे झरा, तिथे वाडी! पाणी आहे म्हणून माणसे तिथे वसली. ज्या पाण्याने वाडी जगते तेच पाणी एखाद्या वर्षी वाडीच्या मागचा डोंगर सोडवते.

कसे सोडवते? नदीच्या वाळूत आपण सगळ्यांनी खोपे केले आहेत. कोरडी वाळू उभी राहत नाही. थोडी ओली केली की भिंत छान उभी राहते. त्या भिंतीवर तांब्याभर पाणी ओतले की बसते. थोडे पाणी कणांना धरून ठेवते, जास्त पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलते. डोंगराच्या उतारावरची माती आणि मुरूम म्हणजे असाच एक मोठा खोपा. कड्यावर माती टिकतच नाही, सपाटीवरची जात नाही. मधल्या उतारांवर ती साठते, तिथेच गवत येते, तिथेच नाचणी-वरईची खाचरे काढतात. कड्याला आपण भितो, हिरव्या उताराला भीत नाही.

आणि पाण्याचे वजन? ते गणित मी मुलांना घालत असे. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? चार लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, एका एकरावर. सगळेच मुरत नाही, पुष्कळसे वाहून जाते. पण वाहून जायच्या वाटा बुजवल्या असतील, पायथा कापून उताराचा आधार काढला असेल, तर आपणच डोंगराला थापट्या मारत असतो. बर्फातही हिमकड्यात सापडणाऱ्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांचा हिमकडा त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या पावलाने सुटलेला असतो म्हणतात.

माळीणची सकाळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावाकडे आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा जगाला कळले. दीडशेच्या वर माणसे गेली. मुसळधार पाऊस हे तर कारण होतेच, शिवाय डोंगरावर यंत्राने केलेले सपाटीकरण, गेलेली झाडे, अडलेल्या पाण्याच्या वाटा यांची पुष्कळ चर्चा झाली. मी नंतर एकदा तिथे जाऊन आलो. सगळे पाहून परत येताना मला आठवले की नोकरीत असताना एका ऑगस्टमध्ये मी डिंभ्याच्या पलीकडे आहुप्याच्या बाजूला शाळेची सहल नेली होती. पाऊस आला म्हणून चाळीस मुलांना अशाच एका हिरव्या उताराच्या पायथ्याशी, एका पडवीत बसवून डबे खायला लावले होते. मुलांनी गाणी म्हटली. उतारावरून लाल पाण्याचे ओहोळ येत होते आणि 'किती सुंदर दृश्य आहे पाहा' असे मीच मुलांना दाखवत होतो. सगळी मुले सुखरूप घरी आली आणि सहल उत्तम झाली म्हणून माझे कौतुक झाले.

त्या दिवशी मी बरोबर होतो का? नव्हतो. मी अडाणी होतो आणि डोंगर उभा राहिला, एवढेच.

सैनिक विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, आम्हाला पहिला धडा हाच. परवा गेलो तेव्हा काही झालं नाही, हे कारण चालत नाही." 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमकडा कोसळला, तेव्हा बर्फातल्या युद्धाचे शिक्षण देणाऱ्या शाळेचेच सतरा जवान गेले. बर्फ शिकवणारी, बर्फ शिकणारी माणसे. डोंगर कुणाची पदवी पाहत नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच आज लिहायला बसलो.

माळशेजच्या बाजूला एक वाडी आहे. नाव सांगत नाही. तिथला माझा एक जुना विद्यार्थी, त्याला आपण किसन म्हणू. अकरा घरे, मागे गवताचा उतार. कोनमापकाने मी तो मोजला होता, चौतीस अंश. 2021 च्या जुलैत, 22 तारखेला संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सर, घरामागचा झरा गढूळ झालाय. लाल पानी येतंय. आन् वर गवतात एक भेग पडलीय, बोटभर."

दोन दिवस पाऊस हटला नव्हता. मी म्हणालो, "सगळ्यांना घेऊन शाळेत जा. आत्ता."

मी सांगितले आणि ते गेले. अंधार पडला होता, वीज नव्हती, पायवाटेवर चिखल. किसनचे वडील घसरून पडले, मांडीचे हाड मोडले. एका म्हातारीची शेळी गोठ्यात दाव्याला बांधलेली राहिली, तिचे नुकते झालेले करडू थंडीने मेले. सगळी वाडी रात्रभर ओल्या कपड्यांनी शाळेत बसून राहिली. डोंगर काही पडला नाही.

सकाळी बातमी आली, त्याच दिवशी दुपारनंतर तळिये गेले होते. तेव्हा वाडीतल्या सगळ्यांनी मला हात जोडले. पण ऊन पडले, भात लावून झाले, आणि हळूहळू बोलणे बदलले. किसनचे वडील काठीवर आले ते काठीवरच राहिले. "मास्तरानं उगाच पळवलं," असे कुणीतरी म्हणाले ते माझ्यापर्यंत पोचले. राग आला नाही. खोटे बोलले असते तर आला असता.

पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा तसाच पाऊस लागला. मीच फोन केला, शाळेत जा म्हणालो. कुणी गेले नाही. डोंगर तेव्हाही पडला नाही. किसनने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले, "काय नाय झालं सर." त्याच्या आवाजात मला बरे वाटावे म्हणून केलेली मऊ सूर होती, आणि थोडा विजयही होता.

पहिल्या वर्षी गेले, काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी गेले नाहीत, काही झाले नाही. मग दोन्हींपैकी बरोबर काय?

मी आयुष्यभर पेपर तपासले. मुलगा चुकला तर लाल रेघ मारायची, बरोबर असेल तर खूण. मुलाला कळते, आपण कुठे आहोत. डोंगराचा पेपर तसा नाही. तो उत्तरपत्रिका परतच देत नाही. शंभर वेळा चुकीचे उत्तर लिहिले तरी नव्याण्णव वेळा पास करतो आणि शंभराव्या वेळी एकदम नापास, तेही पुन्हा न बसू देता. अशा परीक्षकासमोर निकालावरून आपला अभ्यास किती झाला हे ठरवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण आपण सगळे तेच करतो. मीही सहलीच्या वेळी तेच केले होते.

त्या दिवाळीनंतर मी आणि किसन वर चढून गेलो. गवत वाळले होते, भेग स्वच्छ दिसली. 2021 मध्ये बोटभर होती, आता त्यात माझा पंजा आडवा बसला. आणि भेगेची खालची कड वरच्या कडेपेक्षा वीतभर खाली बसलेली. म्हणजे 'काही झाले नाही' हेही खरे नव्हते. डोंगर सरकला होता, थोडासा. आपण खाली झोपलो होतो म्हणून कळले नाही. किसन भेगेत हात घालून नुसता बसून राहिला.

मग 19 जुलै 2023 ची इर्शाळवाडी झाली. तीन दिवसांत सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस आणि रात्री झोपेत घाला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती, हे विधानसभेत सांगितले गेले. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत राहावे, हीही सोय गेली. दुसऱ्या दिवशी किसनचा फोन आला, "सर, तुमी एकदा वाडीत या. समद्यांना बसवतो."

पाऊस संपल्यावर गेलो. या वेळी मी मनाशी एक ठरवले होते, की भाषण करायचे नाही. सैनिकाने बर्फातली आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचा उपयोग केला. तिकडे हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्या असतात. मी त्याला विचारले होते, सगळ्यात जास्त माणसे पाचव्या पातळीला मरत असतील ना? नाही. युरोपातले आकडे असे सांगतात की डोंगरात हौसेने फिरणारे सर्वांत जास्त मरतात ते तिसऱ्या, मधल्या पातळीला. पाचवी लागली की लोक घरीच बसतात. तिसरीला वाटते, बघू या, जमेल. आपल्या वाडीचेही तसेच. आभाळ फाटले तर कुणीही पळेल. पण रोजच्यासारखाच पाऊस, फक्त चौथा दिवस, रात्रीचे नऊ, चूल पेटलेली, पोरे झोपलेली, अशा वेळी ठरवायचे म्हटले की माणूस 'बघू या' म्हणतो. मीही म्हणेन. म्हणून ठरवणे पावसात करायचेच नाही. ते उन्हाळ्यात करून ठेवायचे, चटणी-सांडग्यांसारखे.

त्या बैठकीत आणि नंतरच्या मे महिन्यात वाडीने मिळून एक पाटी केली. ती शाळेच्या भिंतीवर आहे. तिच्यावर चार प्रश्न आहेत.

तीन दिवसांच्या पावसाची बेरीज ठरलेल्या खुणेच्या वर गेली का? (त्यासाठी किसनच्या मुलीने शाळेच्या मैदानात उघड्यावर पर्जन्यमापक बसवला आहे. रोज सकाळी आठला तीच मोजते.)

झरा गढूळ झाला का, किंवा भर पावसात अचानक आटला का, किंवा नव्या जागी पाणी फुटले का?

भेग वाढली का? (भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांच्यातले अंतर दोरीने मोजायचे.)

झाड, खांब किंवा कुंपण कलले का, घराच्या भिंतीला नवा तडा गेला का, काल लागणारे दार आज अडते का?

चारांपैकी कोणत्याही दोहोंचे उत्तर 'होय' आले, तर दिवस मावळायच्या आत शाळेत जायचे. कुणाला विचारायचे नाही, मलाही नाही. आणि डोंगरातून गडगड ऐकू आली किंवा ओढ्याचे पाणी एकदम लाल-दाट झाले तर प्रश्नच वाचत बसायचे नाहीत.

पावसाची खूण किती मिलिमीटरवर आहे ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक डोंगराची निराळी. आम्ही आमची ठरवली आहे ती अंदाजाने, जरा भित्रीच. वर्षागणिक ती सुधारू. शिवाय मेमध्ये सगळ्यांनी मिळून भेग चिकणमातीने चोपून बुजवली आणि तिच्या वर एक आडवा चर खणून पाणी बाजूच्या नाळीत काढून दिले. तलाठ्यांना कळवले, पाहणीसाठी अर्जही दिला आहे. हे सगळे म्हणजे डोंगराला बांधून ठेवणे नव्हे. खरा उपाय म्हणजे ती अकरा घरे तिथून उठणे, पण शेत तिथे, गुरे तिथे, पाणी तिथे. 'उठा' म्हणणे मला सोपे आहे, मी सपाटीवर राहतो. माळीणच्या लोकांना आमड्याला नवी घरे मिळाली, 2017 मध्ये. त्याच वर्षीच्या पहिल्याच पावसात तिथेही जमीन खचल्याच्या, भेगा पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. जागा बदलली तरी डोंगर वाचायचे काम सुटत नाही.

2024 च्या जुलैत पाटीवरचे दोन प्रश्न 'होय' झाले. बेरीज खुणेच्या वर आणि झरा गढूळ. वाडी दुपारी चारलाच शाळेत गेली, उजेडात. किसनच्या वडिलांना चौघांनी खुर्चीत बसवून नेले. शेळ्या सोडवून बरोबर घेतल्या. मला फोन आला तो सगळे पोचल्यावर, कळवण्यापुरता.

डोंगर पडला नाही. चौथ्या दिवशी सगळे घरी परतले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 30 जुलैला पहाटे, केरळात वायनाडचे डोंगर आले. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला. दोन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे कलपेट्टाची एक संस्था गावोगावी पर्जन्यमापक लावून रोजचा पाऊस गोळा करते, तिने आदल्या दिवशीच धोक्याची सूचना दिली होती असे नंतर वाचले. मला किसनच्या मुलीचा पर्जन्यमापक आठवला. मोजणारे असले तरी पुरत नाही. ऐकायचे कसे आणि निघायचे केव्हा, हेही आधी ठरलेले असावे लागते.

मी किसनला विचारले, "या वेळी वाडीत कुणी काही बोललं का? उगाच गेलो म्हणून?"

तो म्हणाला, "नाय सर. पाटीवर व्हतं म्हनून गेलो."

मला हे उत्तर फार आवडले. मास्तराने सांगितले म्हणून नव्हे, काही झाले म्हणूनही नव्हे. पाटीवर होते म्हणून. डोंगर निकाल देत नाही, मग आपणच आपला पेपर तपासायचा, आणि तो निकालावरून नव्हे, रीत बरोबर होती का यावरून. गणितात उत्तर चुकले तरी पायऱ्यांना मार्क देतात ना, तसे. मी त्या वाडीला पैकीच्या पैकी दिले.

ज्या म्हातारीचे करडू मेले होते तिला मी नंतर भेटायला गेलो. तीन वर्षे तो विषय आमच्यात निघाला नव्हता. मी म्हणालो, "आजी, त्या वेळी मी अंधारात निघायला सांगितलं, चुकलंच माझं. दुपारीच विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "आरं, करडू काय, परत व्हतं. पन तवा तू एकदम सांगितलंस ना मास्तर, मला दावं सोडाया बी सुधरलं नाय. आता कसं, म्हातारा लागला की मी दाव्याला गाठच मारीत नाय. नुस्तं अडकावते."

आज पुन्हा पुष्य लागले आहे. सकाळी आठला मुलीचा फोन येऊन गेला, चौसष्ट मिलिमीटर. वहीत लिहिले, कालचे आणि परवाचे मिळवले. खूण अजून लांब आहे. तरी फोन उशाशी ठेवूनच झोपतो.